शेपूच्या छत्रीवरील पाहुणे

पोह्यांवर भुरभुरलेले जिरावण, दाताखाली मधूनच येणारी बडीशेप आणि वर पेरलेली कोथिंबीर यांवाचून आम्हां इंदूरकरांची न्याहारी पुरी होत नाही. जिरे, धने, बडीशेप, ओवा, शेपू ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. हिंगाचे झाडही त्याच गोतातले. एरवी मसाला म्हणून वावरणारी ही मंडळी घरात कोणाचे पोट दुखू लागले की औषध होतात. ओव्याचा उग्र गंध त्यातील थायमॉल या द्रव्याचा. तर शेपूचे दाणे म्हणजेच आपल्या आज्यांची बाळंतशेप. तिचेच तेल अनेक प्रकारच्या ग्राइप वॉटरमध्ये असते.

या कुळाची ओळख फुलोऱ्यावरून पटते. दांड्याच्या टोकाशी छत्रीच्या काड्यांप्रमाणे देठ फुटतात आणि त्यांवर इवली फुले दाटीने उमलतात. त्यांतील मध उघड्यावरच असतो; त्यामुळे आखूड जिभेच्या कीटकांनाही येथे मज्जाव नाही. फुलोरी व सातेरी मधमाश्या, पट्टेदार फुलमाश्या, गांधीलमाश्या, ठिपक्यांचे लाल ढालकिडे असे नाना पाहुणे येथे येतात. या फुलांतील पुंकेसर आधी पिकतात आणि पराग झडून गेल्यावर स्त्रीकेसर तयार होतात. साहजिकच एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला कोणीतरी पोचवावा लागतो.

हे मी पुस्तकात वाचले होते. उमगले मात्र नुकसान सोसल्यावर. दोन वर्षांपूर्वी कन्या बाळंतपणासाठी माहेरी यावयाची होती. घरची बाळंतशेप असावी म्हणून सौभाग्यवतींनी अंगणात वाफाभर शेपू दाण्यासाठी राखला. माघात तो पिवळाधमक फुलला आणि त्यावर मावा पडला. मी घाईने कीटकनाशक आणून फवारले, तेही फुले भरात असताना, भर सकाळी. मावा गेला, त्याबरोबर माश्याही गेल्या. छत्र्या वाळल्या त्या बहुतांशी पोकळ. अखेर बाळंतशेप सियागंजातून विकत आणावी लागली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, हेच मला अधिक लागले.

पुढच्या हिवाळ्यात शाळेच्या बागेत धने पेरले. सातवीच्या मुलांनी काही छत्र्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या, शेजारच्या उघड्या ठेवल्या. पिशवीतल्या छत्र्यांना मोजकेच दाणे धरले. उघड्या मात्र भरून आल्या. एक मुलगा उद्गारला, "सर, ये तो बिना पगार के मज़दूर हैं!" माझ्या व्याख्यानापेक्षा त्याचे वाक्य वर्गाच्या अधिक ध्यानात राहिले.

सर्वच वनस्पतींचे पाहुणे सारखे नसतात. खोकल्यावरील अडुळशाचे फूल दोन ओठांचे. त्यावर दणकट काळा भुंगाच हवा. तो खालच्या ओठावर बसून आत शिरला, की पराग त्याच्या पाठीला लागतो. याच अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध घडविले गेले. मात्र गर्भवतीने अडुळसा घेऊ नये. तुळशीच्या मंजिऱ्यांवर लहान मधमाश्या दिवसभर राबतात. पाने भरपूर यावीत म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो. त्यांतल्या चार राखल्या तर तुळशीचे काही बिघडत नाही.

मग मावा पडल्यावर करावे काय? याचे अर्धे उत्तर आपल्याच गावाने दिले आहे. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ पासून काम केलेले अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली कंपोस्टवरील ग्रंथ लिहिला. ती पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणूनच जगाला ठाऊक झाली. सकस मातीतील पीक किडीला सहजी बळी पडत नाही, असे हॉवर्ड यांचे आग्रही प्रतिपादन होते. उरलेले अर्धे उत्तर सोपे आहे. मावा पाण्याच्या जोरकस धारेने झाडावा; राहिलेला ढालकिडे व त्यांच्या अळ्या खातात. फुले असताना विषारी फवारा नकोच.

यंदा आमच्या वाफ्यात फवारा नव्हता. थोडा मावा होता, पण माश्याही होत्या. घरची बाळंतशेप बरणीभर निघाली. कन्येच्या बाळंतपणाला ती उशिराच ठरली. परंतु सौभाग्यवतींनी त्यातले मूठभर दाणे पुढील पेरणीसाठी पुरचुंडीत बांधून ठेवले आहेत.