ओठांवरचा रंग येतो कोठून?

लिपस्टिक लावली जाते ओठांवर, पण जाते पोटात. चहाच्या कपाबरोबर, जेवताना, बोलताना तिचा थोडा थोडा अंश नकळत गिळला जातो. म्हणून ताटातील पदार्थांविषयी आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी या रंगाविषयीही करणे क्रमप्राप्त आहे. बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय तो पुडा घरात न आणणारी आपली कुटुंबे लिपस्टिक मात्र केवळ छटा पाहून खरेदी करतात.

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावातही जनरल स्टोअर्सच्या काचेच्या कपाटात आता ‘हर्बल’, ‘नॅचरल’ अशी अक्षरे मिरविणाऱ्या कांड्या दिसतात. लेकीसुना त्या विश्वासाने घेतात, आणि आपल्यापैकी अनेक जण त्या तितक्याच विश्वासाने विकतात. हा विश्वास तपासून पाहिला पाहिजे.

लिपस्टिकमधील सुंदर किरमिजी लाल रंग पुष्कळदा कार्माईन नावाच्या द्रव्याचा असतो. निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या कोचिनील जातीच्या मादी कीटकांना मारून, वाळवून तो काढतात. याचे मोठे उत्पादन दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात होते. एक किलो वाळलेल्या मालासाठी सुमारे दीड लाख कीटक लागतात. रसायनशास्त्राच्या भाषेत हा रंग ‘नैसर्गिक’च आहे! म्हणजे ‘नैसर्गिक रंगयुक्त’ असे छापणारा उत्पादक खोटे बोलत नाही. आपणच त्या शब्दाचा अर्थ ‘वनस्पतिजन्य’ असा लावून घेतो. वेष्टनावर कार्माईन, कोचिनील, ‘नॅचरल रेड ४’ किंवा ‘सी. आय. ७५४७०’ यांपैकी काहीही लिहिलेले असले, तरी वस्तू तीच. आपल्याकडील जुना अळिताही लाखेपासून होत असे, आणि पळस, बोर, कुसुम या झाडांवरील लाख हीसुद्धा कीटकाचीच निर्मिती आहे.

रंगानंतर मेण. लिपस्टिकला कांडीचा आकार मेणामुळे येतो आणि बहुतेक घरगुती कृतींत ते मधमाश्यांच्या पोळ्याचे असते. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग हा श्रावकाचारातील अगदी पहिला पाठ. मध वर्ज्य मानणाऱ्या घरात पोळ्याचे मेण ओठांना लावावे काय, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. पण तो माहिती घेऊन करावा. पुण्यातील ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था १९७४ पासून प्रसाधनांतील प्राणिजन्य घटकांविषयी लोकजागृती करीत आहे. भारतात प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ मध्ये बंदी आली, ही समाधानाची बाब. त्याच वर्षी प्रसाधनांवरही ठिपका छापण्याची अधिसूचना निघाली होती. परंतु ती न्यायालयीन वादात सापडली आणि खाद्यपदार्थांप्रमाणे ठिपका येथे सक्तीचा झाला नाही. तेव्हा घटकांची बारीक अक्षरांतील यादी वाचण्यास पर्याय नाही. चष्मा लावून वाचावी.

हा झाला अहिंसेचा विचार. आरोग्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि तेथेही ‘हर्बल’ हा शब्द पुरेसा पडत नाही. लिपस्टिकमध्ये शिसे कोणी मुद्दाम घालत नाही. ते खनिज रंगांतील अशुद्धी म्हणून येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ४०० लिपस्टिकची तपासणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा दशलक्ष भागांत सरासरी १.११ आणि सर्वाधिक ७.१९ भाग शिसे आढळले. आपल्या नियमांनुसार प्रसाधनाच्या रंगात दशलक्ष भागांत २० पेक्षा अधिक शिसे चालत नाही. नामांकित उत्पादक ही मर्यादा पाळण्यासाठी तपासणी करतात. आठवडी बाजारातील बिननावाच्या कांडीची तपासणी कोण करणार? आणि घरी प्रयोग करणाऱ्या भगिनींनी लाल रंगासाठी शेंदूर कदापि वापरू नये. शेंदूर म्हणजे साक्षात शिशाचे संयुग. बाजारातील कुंकवाचीही खात्री देता येत नाही.

घरगुती लिपस्टिकची सर्वत्र सांगितली जाणारी कृती बिटाची असते. ती आपल्याला दोन कारणांनी गैरसोयीची. बीट कंदमूळ आहे, हे एक. दुसरे असे, की बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. रस तेल-मेणात घातला की तो फुटून वेगळा होतो, उष्णतेने तपकिरी पडतो, आणि पाण्याचा अंश राहिल्याने चार दिवसांत बुरशी धरण्याची भीती असते. लाल अंबाडी, पळसाची फुले आणि कोकमाची साल यांचे रंगही पाण्याचेच सोबती. सरबताला उत्तम, कांडीला निरुपयोगी.

तेलात उतरणारा वनस्पतिजन्य रंग म्हणजे शेंदरीच्या बियांचा. बागांतून शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या या झुडपाला इंग्रजीत लिपस्टिकचे झाड असेच म्हणतात. (शेंदरी आणि शेंदूर यांत गल्लत नको, नावापलीकडे त्यांचे काही नाते नाही.) दुसरा रंग रतनज्योतीच्या सालीचा, ती काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. तीही मुळाचीच साल आहे. वाळलेली हळद व सुंठ चालणाऱ्या घरांत ती चालावी; शंका असल्यास महाराजसाहेबांना विचारावे.

बारा ग्रॅम एरंडेलात चमचाभर शेंदरीच्या बिया घालून भांडे गरम पाण्यात अर्धा तास ठेवावे व तेल गाळून घ्यावे. गाळताना बियांबरोबर थोडे तेल जाते, म्हणून आरंभी चार ग्रॅम अधिक घ्यावे. दुसऱ्या कोरड्या वाटीत तीन ग्रॅम कॅन्डेलिला मेण वितळवावे. हे मेक्सिकोतील एका झुडपाचे मेण असून पोळ्याच्या मेणापेक्षा कडक असते, त्यामुळे कमी पुरते. त्यात पाच ग्रॅम कोकमाचे तेल आणि रंगवलेले एरंडेल घालून, ढवळून, मिश्रण साच्यात ओतावे. फुटलेल्या ओठांना कोकमाचे तेल लावण्याची कोकणातील रीत जुनीच आहे. मात्र ते चाळीस अंशांच्या आसपास वितळते आणि आपला वऱ्हाड-विदर्भाचा वैशाख त्याहून कडक. म्हणून उन्हाळ्यात मेण चार ग्रॅम घ्यावे. भांड्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी, आणि कांडी दोन-तीन महिन्यांत संपवावी. रंग फिका, नारिंगी येतो व तास-दोन तासांत उतरतो. लग्नाच्या मांडवात शोभेल असा गडद लाल यातून मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

घरापुरते करणे वेगळे, विकणे वेगळे. विक्रीसाठी उत्पादन करावयाचे झाल्यास ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’ नुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, योग्य जागा, पात्र तांत्रिक व्यक्ती आणि चाचणीची व्यवस्था लागते. रंगही भारतीय मानक ४७०७ च्या यादीतील असावा लागतो. केवळ वनस्पतीचा आहे म्हणून सूट नाही. बँकेत कर्जाचे अर्ज पाहताना माझा अनुभव असा, की महिला गट यंत्राची किंमत अचूक मांडतात, पण परवाना आणि चाचणीचा खर्च धरीत नाहीत. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात २०२२ पासून उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख रुपये झाली असून ग्रामीण भागातील महिलांना ३५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. आपल्या जिल्ह्याला तर हा वारसाच आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला आणि कुमारप्पांनी मगनवाडीत त्याचा व्याप सांभाळला. त्याच मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था असून तिचा वनौषधी उद्योगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. अर्ज करण्यापूर्वी तेथे एक चक्कर टाकावी.

ज्यांचा प्रसाधनांचा व्यापार आहे, त्यांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. ‘हर्बल’ माल भरण्यापूर्वी पुरवठादाराकडून रंगाचे क्रमांक आणि मेणाचा प्रकार त्याच्या लेटरहेडवर लिहून मागावा. दोन आठवडे उत्तर आले नाही, तर तेही उत्तरच समजावे. आलेले पत्र मालाच्या बिलासोबत त्याच फाइलीत लावून ठेवावे, म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या कोणालाही गिऱ्हाइकाला ते काढून दाखविता येईल.