संगणकाचे दुभाषे

कर्जत हे भोर घाटाच्या पायथ्याशी असलेले रेल्वेचे एक गजबजलेले स्थानक आहे. मुंबईकडून आलेल्या काही गाड्या येथून घाट चढून पुण्याकडे जातात, तर काही खालापूर तालुक्यातील खोपोलीस जाऊन थांबतात. सकाळी तिकिटाच्या खिडकीपुढे माणसांची रांग लागलेली असते. भाजीची पाटी खाली ठेवून एखादी बाई खिडकीत पैसे सरकविते आणि म्हणते, "एक खोपोली!" आतील कारकून दोनचार कळा दाबतो आणि पाहता पाहता छापील तिकीट तिच्या हाती पडते.

हा व्यवहार इतका नित्याचा झाला आहे की, त्यात काही नवल आहे असे कोणास वाटत नाही. परंतु थोडा विचार केला तर एक प्रश्न उभा राहतो. तिकीट ज्या संगणकाने तयार केले, त्याला कान नाहीत, डोळे नाहीत व हातही नाहीत. मग त्या बाईचे मागणे त्याला कळले कसे? आणि त्याचे उत्तर कागदावर उतरले कसे?

संगणकाच्या अंतरंगात असंख्य सूक्ष्म विद्युत्-परिपथ असतात. त्यांतील प्रत्येकाला दोनच अवस्था ठाऊक असतात. पहिल्या अवस्थेला आपण 'एक' म्हणतो व दुसरीला 'शून्य' म्हणतो. या दोन अंकांच्या मालिकेत जे लिहिता येईल तेवढेच संगणकाला कळते. माणसाची भाषा शब्दांची, रंगांची व स्वरांची. संगणकाची भाषा निव्वळ अंकांची. या दोघांची गाठ घालून द्यावयाची, तर मध्ये दुभाषा हवा.

दुभाष्याची गरज रायगडाला नवी नाही. १६७४ साली छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला होता. त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषा होता. वकिलाचे बोलणे दरबाराला कळावे व दरबाराचे बोलणे वकिलाला कळावे, हे त्याचे काम. संगणकाजवळही असे दुभाषे असतात. फरक एवढाच की, येथे सामान्यतः एक दुभाषा एकाच दिशेने काम करतो. बाहेरची गोष्ट अंकांत बदलून आत नेणाऱ्या साधनांना 'आदान साधने' म्हणतात, आणि आतील अंक माणसाला कळेल अशा रूपात बाहेर आणणाऱ्या साधनांना 'प्रदान साधने' म्हणतात.

आदान साधनांत सर्वांच्या परिचयाचा आहे तो कळफलक. त्याच्या कळांखाली उभ्या व आडव्या विद्युत्-वाहक रेषांचे जाळे पसरलेले असते. प्रत्येक कळ एका उभ्या व एका आडव्या रेषेच्या छेदावर असते. कळ दाबली म्हणजे त्या दोन रेषा एकमेकींना जोडल्या जातात. कळफलकातील एक लहानसा नियंत्रक या रेषा एकामागून एक, एका सेकंदात कित्येक वेळा तपासत असतो. कोणत्या दोन रेषा जुळल्या हे कळताच तो त्या कळेचा क्रमांक संगणकाकडे पाठवितो. म्हणजे कळेवर 'क' असे लिहिलेले असले, तरी ते अक्षर संगणकाकडे जात नाही. जातो तो केवळ क्रमांक.

मराठी लिहिण्यासाठी 'इन्स्क्रिप्ट' नावाची कळांची मांडणी भारतात प्रमाण मानली जाते. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे ठेविलेली आहेत. कळेच्या क्रमांकावरून अक्षर ठरले म्हणजे त्या अक्षराला 'युनिकोड' या जागतिक संकेताप्रमाणे ठरलेला अंक मिळतो. जगातील बहुतेक सर्व लिप्यांच्या अक्षरांना या संकेतात आपापला अंक दिलेला आहे. त्यात 'क' चा अंक २३२५ व 'ख' चा अंक २३२६ आहे.

आता 'कर्जत' हा शब्द लिहावयाचा आहे, असे समजू. त्यासाठी क, र, हलन्ताचे चिन्ह, ज आणि त अशी पाच चिन्हे क्रमाने द्यावी लागतात. संगणकाजवळ २३२५, २३५२, २३८१, २३३२ व २३४० असे पाच अंक जमा होतात. परंतु पडद्यावर पाहावे तर अक्षरे तीनच दिसतात! मधला 'र' आपली जागा सोडून 'ज' च्या डोक्यावर रफार होऊन बसलेला असतो. अंकांवरून अक्षरांची वळणे ठरविण्याचे, कोणते चिन्ह कोणाच्या वर अथवा पुढे बसवावे हे पाहण्याचे काम संगणकातील लिपीचे नियम करतात. त्यानंतर ते चित्र प्रदान साधनाच्या स्वाधीन केले जाते.

पडदा हे असेच एक प्रदान साधन होय. तो दुरून सलग दिसतो. पण भिंगातून पाहिल्यास तो बारीक ठिपक्यांचा बनलेला आढळतो. ज्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० व उभ्या ओळीत १०८० ठिपके असतात, त्यावर एकूण वीस लाखांहून अधिक ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे प्रकाशाचे तीन कण असतात. कोणत्या कणाने किती उजळावे हे अंकांनी सांगितलेले असते. तिन्ही कण पूर्ण उजळले की ठिपका पांढरा दिसतो. तिन्ही विझले की काळा. गाडीची वेळ दाखविणाऱ्या स्थानकावरील फलकातही हीच युक्ती आहे. मात्र तेथील ठिपके मोठे असल्यामुळे ते नुसत्या डोळ्यांनीही मोजता येतात.

कागदावर छापणारी यंत्रे निरनिराळ्या प्रकारची असतात. दुकानातील पावती पुष्कळदा शाईवाचून छापलेली असते. तिच्या कागदावर उष्णतेने काळा पडणारा लेप दिलेला असतो. यंत्रातील सूक्ष्म तापक जेथे तापतात तेथे काळा ठिपका उमटतो. कचेरीतील लेझर छपाई यंत्रात प्रकाशाच्या किरणाने एका फिरत्या नळकांड्यावर विद्युत्-भाराची अदृश्य आकृती उमटविली जाते. तिला काळी भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि उष्णतेने वितळून तेथे पक्की बसते.

आवाजाचे दुभाषे तर एकमेकांची उलटी प्रतिबिंबेच आहेत. ध्वनिग्राहकात आवाजाने एक पातळ पडदा थरथरतो व त्या थरथरीची वीज होते; ती वीज मोजून तिचे अंक केले जातात. ध्वनिक्षेपकात अंकांपासून पुन्हा वीज तयार होते आणि ती पडद्याला थरथरविते. "गाडी थोड्याच वेळात येत आहे" ही सूचना फलाटावर ऐकू येते ती ध्वनिक्षेपकातूनच. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, अशी माणसे संगणकातील लेख याच साधनाच्या साहाय्याने ऐकून समजून घेतात.

आतापर्यंत पाहिलेल्या आदान साधनांपुढे माणूस बसलेला किंवा बोलत असतो. काही साधने मात्र माणसाच्या मदतीवाचून आपले काम करतात. त्यांतील एक खालापूरच्या टोलनाक्यावर पाहावयास मिळते. मुंबई व पुणे यांना जोडणारा द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या पुढील काचेवर 'फास्टॅग' नावाची एक लहान पट्टी चिकटविलेली असते. या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्र रेडिओलहरी सोडते. त्या लहरींतूनच पट्टीतील सूक्ष्म परिपथाला क्षणभर पुरेल इतकी वीज मिळते आणि तो आपला क्रमांक परतणाऱ्या लहरींवर उमटवितो. त्या क्रमांकावरून वाहनाचे खाते सापडते, पैसे वळते होतात आणि समोरचा आडवा दांडा वर उचलला जातो. येथे पट्टी वाचणारे यंत्र हे आदान साधन व तो दांडा हे प्रदान साधन. प्रदान नेहमी अक्षरांतच असते असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरे उदाहरण पावसाचे. माथेरानच्या डोंगरापासून भोर घाटापर्यंतचा हा मुलूख दांडग्या पावसाचा. तो मोजण्यासाठी स्वयंचलित पर्जन्यमापक वापरतात. त्यात तराजूच्या पारड्यांप्रमाणे दोन कप्प्यांची एक वाटी डुलत असते. समजा, अर्धा मिलिमीटर पावसाइतके पाणी साठले की एक कप्पा कलंडून रिकामा होतो व दुसरा त्याची जागा घेतो. प्रत्येक कलंडीबरोबर एक लोहचुंबक विजेची कळ क्षणभर जोडतो आणि संगणकाकडे एक स्पंद जातो. असे दोनशे स्पंद मोजले गेले म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस पडला, असा हिशेब होतो.

या हिशेबाचे मोल किती आहे, हे येथील लोकांना सांगावे लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी या डोंगरउतारावरील वस्तीवर दरड कोसळली आणि अनेक घरे माणसांसह मातीखाली गेली. अशा प्रदेशात पावसाचा आकडा म्हणजे केवळ नोंद नव्हे. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असू शकतात. पण पर्जन्यमापकाचे तोंड पालापाचोळ्याने तुंबले, तर बाहेर आभाळ फाटलेले असूनही संगणकापर्यंत शून्यच पोचते. तसेच आत धोक्याचा इशारा तयार झाला, तरी तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या कानी वेळेवर गेला नाही, तर तो निघाला काय आणि न निघाला काय, सारखेच. म्हणून मापक स्वच्छ ठेवणारा माणूस व इशारा घरोघर पोचविणारा माणूस हे दोघेही यंत्राइतकेच आवश्यक आहेत.

आदानातील चूक किती लहान असते आणि तिचे फळ किती मोठे असते, हे सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून चांगले कळते. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे व किती आहे हे लिहिलेले असते. बारामध्ये तीत काय पिकते याची नोंद असते. पूर्वी हे उतारे हाताने लिहीत. आता ते संगणकावर असून, डिजिटल स्वाक्षरी केलेले उतारे महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागले. २०२१ पासून राज्यातील शेतकरी आपल्या पिकाची नोंद बांधावर उभे राहून भ्रमणध्वनीनेही करू लागले. भ्रमणध्वनीतील कॅमेरा पिकावरून परतलेल्या प्रकाशाचे अंक करतो, आणि त्याचा काचेचा पडदा तर आदान व प्रदान ही दोन्ही कामे करतो. बोट टेकताच त्या जागेच्या विद्युत्-भारात सूक्ष्म बदल होतो व बोट कोठे टेकले हे कळते. उत्तरही त्याच काचेवर उमटते.

आता अशी कल्पना करू की, एखाद्या वाडीवरील चांगी नावाच्या वृद्ध स्त्रीचे नाव उताऱ्यावर चढवावयाचे आहे. इन्स्क्रिप्ट मांडणीत दीर्घ ईकार व दीर्घ ऊकार यांच्या कळा शेजारी शेजारी आहेत. लिहिणाऱ्याचे बोट तसूभर सरकले आणि 'चांगी' च्या जागी 'चांगू' असे पडले. ईकाराचा अंक २३६८ व ऊकाराचा २३७०. संगणकाच्या भाषेत पहिला १००१०१०००००० असा आणि दुसरा १००१०१००००१० असा लिहिला जातो. बारा अंकांपैकी केवळ एका जागी शून्याऐवजी एक आला, एवढाच काय तो भेद! संगणकाला त्याचे सोयरसुतक नाही. चांगी कोण व चांगू कोण हे तो जाणत नाही. छपाई यंत्र ते चुकीचे नावही तितक्याच सुबक अक्षरांत छापून देते.

त्या वृद्ध स्त्रीला मात्र या एका अंकाची किंमत मोजावी लागते. पीककर्ज मागावे, नुकसानभरपाई घ्यावी, किंवा जमीन मुलाबाळांच्या नावे करावी, प्रत्येक वेळी उताऱ्यावरील नाव आणि तिचे नाव जुळत नाही. मग अर्ज, पुरावे व तालुक्याच्या गावी हेलपाटे. ज्या जमिनीत तिचा जन्म गेला, ती आपलीच आहे हे तिला सिद्ध करावे लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संगणकाचा वेग अचाट आहे व त्याची स्मरणशक्ती अफाट आहे. परंतु आदान साधनातून जे आत गेले तेवढेच त्याचे जग. खरे आत गेले तर खरे बाहेर येते. खोटे आत गेले तर खोटेच नीटनेटके होऊन बाहेर येते. दुभाषा कितीही निष्ठावंत असला, तरी बोलणाऱ्याने नीट बोलले पाहिजे आणि ऐकणाऱ्याने नीट ऐकले पाहिजे. ही जबाबदारी माणसाची आहे. ती कोणत्याही यंत्रावर टाकता येत नाही.

कर्जतच्या खिडकीपुढील ती भाजीवाली बाई हे न शिकताच जाणते. तिकीट हाती येताच ती लगेच वळून गाडीकडे धावत नाही. क्षणभर थांबून ती ते डोळ्यांजवळ धरते, 'खोपोली' हे नाव व पैशांचा आकडा वाचून पाहते, आणि मगच पाटी उचलून फलाटाकडे चालू लागते.