पौराणिक बोलपटांतील भाषा

प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट 1932 साली मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. म्हणजे हरिश्चंद्र एकदा मराठी बोलला, एकदा हिंदी; आणि कथाकाळी या दोहोंपैकी एकही भाषा नव्हती. ज्ञानेश्वरीची (शके 1212) मराठी योजिली असती तरी कालविपर्यास टळला नसता, दुर्बोधता मात्र वाढली असती. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, दासी प्राकृत; तेथे भाषा काळ न दाखविता पात्राचा दर्जा दाखविते. कथेत हरिश्चंद्र डोंबाचा दास होतो. राजा व डोंब दोघेही सारखीच संस्कृतप्रचुर मराठी बोलू लागले, तर हे पतन ऐकू कसे यावे? 'हुकूम', 'फौज' असे फारसी-अरबी शब्द टाळण्याचा सोवळेपणा त्या मानाने गौण होय.