योकोहामाच्या बंदरावर एक दिवस

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बोटी, मालाचे ढीग आणि माशांचा वास उभा राहतो. माझ्यासारख्या लातूरकडच्या मुलाला तर समुद्र सहलीपुरताच ठाऊक. पण जपानी भाषेच्या अभ्यासासाठी काही महिने टोकियोत राहण्याचा योग आला आणि एका रविवारी आम्ही चौघे योकोहामाला निघालो. चौघे म्हणजे मी, पुण्याचा एक मित्र, वर्गातला एक कोरियन विद्यार्थी आणि आम्ही वाट चुकू नये म्हणून सोबत आलेली एक जपानी मैत्रीण. वाट चुकलो ती मात्र तिच्यामुळेच, आणि तीही दोनदा!

साकुरागिचो स्थानकावर उतरलो. जपानची पहिली आगगाडी १८७२ साली टोकियोच्या शिंबाशीहून इथपर्यंत धावली. "आमची मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची," असे पुणेकराने लगेच सुनावले. मैत्रिणीने हसून हात जोडले.

योकोहामा हे मूळचे कोळ्यांचे लहानसे खेडे. १८५४ साली अमेरिकेच्या कमोडोर पेरीने आरमाराच्या धाकावर जपानशी तह केला, तो याच किनाऱ्यावर. १८५९ साली बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. जपानचे कच्चे रेशीम इथून जगभर जाऊ लागले आणि त्याच्या ओढीने इंग्रज, अमेरिकन, चिनी आले. मागोमाग आपले भारतीय व्यापारीही आले. तह झाला त्या जागेजवळ एक झाड आहे. ते आगीत जळाले, पण बुंध्यातून पुन्हा फुटले. आज ते योकोहामाच्या इतिहास-संग्रहालयाच्या अंगणात डौलाने उभे आहे.

धक्क्यावर लाल विटांची दोन जुनी कोठारे आहेत. एक १९११ चे, दुसरे १९१३ चे. आता त्यांत दुकाने आणि उपाहारगृहे थाटली आहेत. बाहेर उभे राहून पाहिले तर एक कोठार दुसऱ्याच्या जवळपास निम्मेच भरते. बांधणाऱ्याने हिशेब चुकवला की काय, अशी शंका मी काढली. मैत्रीण म्हणाली, "उरलेले भूकंपाने नेले."

१ सप्टेंबर १९२३, दुपारी बाराला दोन मिनिटे कमी. घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. धरणी हादरली, लाकडी घरे कोसळली आणि त्याच चुलींनी शहर पेटवले. टोकियो-योकोहामा परिसरात एक लाखाहून अधिक माणसे गेली. त्यांतली पुष्कळशी आगीत. पुढे पडझडीचा राडारोडा समुद्रात टाकून भराव घातला आणि त्या भरावावर १९३० साली यामाशिता उद्यान खुले झाले. म्हणजे आम्ही ज्या हिरवळीवर शिदोरी सोडून बसलो होतो, तिच्याखाली एक शहर पुरलेले होते. हातातला घास तसाच राहिला.

उद्यानाला लागूनच 'हिकावा मारू' ही १९३० सालची बोट कायमची नांगरून ठेवली आहे. ती सिॲटलला प्रवासी नेई; युद्धात रुग्णालय-बोट झाली. तिच्या मालक कंपनीने दूरदेशीची आपली पहिली नियमित फेरी १८९३ साली सुरू केली ती मुंबईची, कापसासाठी आणि जमशेटजी टाटांच्या सहकार्याने. तेव्हा १९६५ मध्ये मुंबई आणि योकोहामा भगिनी-शहरे झाली, त्याआधीच त्यांची सोयरीक जमलेली होती म्हणायची.

परतताना उद्यानाच्या पश्चिम टोकाशी एक घुमटी दिसली. वर भारतीय वळणाचा घुमट, आत रंगीत तुकड्यांची नक्षी आणि मधोमध पाण्याची सोय. आपल्याकडची पाणपोईच आठवावी. भूकंपात इथले काही भारतीयही दगावले होते. उरलेल्यांना योकोहामाच्या लोकांनी आधार दिला. त्याची कृतज्ञता म्हणून आणि आपल्या मृतांच्या स्मरणार्थ भारतीय व्यापाऱ्यांनी १९३९ साली ही वास्तू शहराला दिली. आम्हा दोघांची छाती फुगली. मी छायाचित्रासाठी सर्वांना हाक मारली, पण कोरियन मित्र जागचा हलला नाही.

जरा वेळाने तो शांतपणे म्हणाला, "त्याच दिवसांत कोरियन लोकांनी विहिरींत विष कालवले अशी अफवा उठली. जमावांनी आमची माणसे शोधून शोधून मारली. इथेही."

हे मला ठाऊक नव्हते. मी मैत्रिणीकडे पाहिले. तिने मान खाली घातली आणि "खरे आहे" एवढेच म्हणाली. छायाचित्र राहूनच गेले. एकाच शहराने एकाच आठवड्यात एका परक्याला आसरा दिला आणि दुसऱ्या परक्याचा पाण्यावरून जीव घेतला. घुमटी एकच गोष्ट सांगते. दुसरी सांगायला त्या दिवशी मित्र सोबत असावा लागला.

गाडीत मी त्यांना माझ्या घरची हकीकत सांगितली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र संपत आली होती. दमलेली गावे झोपली होती. किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद; हादरा बसताच सारे झोपलेल्यांच्या अंगावर आले. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. माझी आजी वाचली, तिची धाकटी बहीण वाचली नाही.

घरी परतल्यावर आजीने विचारले, "काय काय बघितलंस रं तिकडं?" मी पाणपोईचे सांगितले, कोरियन मित्राचेही सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आमाला बी कुनी कुनी भाकरी आनल्या, पानी आनलं. कुठली मानसं व्हती, इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बघ. आन् कुनी काय लुटलं, ते बी कुनी लिवलं न्हाई."

आमच्याकडे नवी गावे वसली, जुन्या जागी गवत माजले. त्या रात्रीतून वाचलेली माणसे अजून आपल्यात आहेत, पण ती थकत चालली आहेत. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी त्याच गावांतून येतात. इतिहास विभागाने मनावर घेतले तर येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरातील एका वडीलधाऱ्या माणसाची हकीकत लिहून आणावी. गोड असेल ती आणि कडू असेल तीही. पहिली वही मी आजीजवळ बसून सुरू केली आहे.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)