भजनाचं रेकॉर्डिंग घरीच करायचंय? मग डबी घेण्याआधी माणसं मोजा

सुगी आटोपली की गावोगाव सप्ते बसतात, भजनाच्या स्पर्धा लागतात. याच दिवसांत पिकाची पाहणी सोडून एक वेगळाच प्रश्न बांधावर हमखास निघतो. "साहेब, मंडळाचं भजन चांगलं रेकॉर्ड करायचंय. पोराचा लॅपटॉप आहे. त्याला जोडायची एक छोटी डबी मिळते म्हणे. कोणती घ्यावी?"

प्रश्न शेतीचा नसला तरी शेतकऱ्याचाच आहे, आणि त्यात वर्गणीचा पैसा आहे. शिवाय त्यात पैशाहून मोठीही एक गोष्ट आहे. अभंगाची गाथा छापलेली आहे, ती कुठेही मिळेल. परंतु तुमच्या गावची चाल कुठेच छापलेली नाही. ती सत्तरी ओलांडलेल्या बुवांच्या गळ्यात आहे. वहीत शब्द उतरतात, चाल उतरत नाही. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही, आणि घाईघाईत भलतीच वस्तू घेण्यासारखंही नाही.

मोबाईल असताना डबी कशाला?

मोबाईलवर बोलणं चांगलं टिपलं जातं, कारण तो बोलण्यासाठीच केलेला आहे. भजनात मात्र त्याची पंचाईत होते. बहुतेक मोबाईल आवाज आपोआप कमी-जास्त करतात. टाळांचा कडकडाट झाला की मोबाईल सगळाच आवाज खाली ओढतो आणि त्यात बुवा बुडतात. टाळ थांबले की आवाज पुन्हा वर येतो आणि पंख्याची घरघर ऐकू येऊ लागते. ऐकणाऱ्याला वाटतं, बुवांचाच श्वास तुटतोय.

या डबीला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ती तीन कामं करते. मायक्रोफोनकडून येणारा अगदी क्षीण विजेचा संकेत ती वाढवते, त्याचं आकड्यांत रूपांतर करून यूएसबी वायरीने लॅपटॉपला देते, आणि लॅपटॉपमधला आवाज हेडफोनला परत देते. आवाज किती वाढवायचा ते डबीवरच्या गोल बटणाने तुम्ही ठरवता. ते बटण एकदा ठरवलं की आपोआप हलत नाही. मोबाईलपेक्षा खरा फरक हाच.

आधी माणसं मोजा, मग इनपुट मोजा

विहिरीची खोली आणि भिजणारं रान ठरल्याशिवाय आपण मोटारीचा एचपी ठरवत नाही. इथंही तसंच आहे. एकाच वेळी किती आवाज वेगवेगळे टिपायचे आहेत, हे आधी ठरवा.

शहरातला एकटा गाणारा मुलगा आधी गिटार वाजवून रेकॉर्ड करतो, मग ती ऐकत त्यावर गातो. त्याला एका वेळी एकच मायक्रोफोन पुरतो. भजन असं तुकड्यातुकड्यांनी होत नाही. बुवांनी सूर लावला की पेटीवाला मागे येतो, पखवाजी बुवांच्या तोंडाकडे बघून ठेका बदलतो, टाळकरी धृपद झेलतात. ही देवाणघेवाण एकाच बैठकीत होते. तेव्हा मंडळाला एकाच वेळी चालणारे इनपुट लागतात.

ढोबळ हिशेब असा धरावा :

आजीच्या जात्यावरच्या ओव्या, एखाद्या शाहिराचा पोवाडा, एकतारीवरचं भजन : १ मायक्रोफोन.

बुवा, पेटी, पखवाज आणि चार-सहा टाळकरी : २ मायक्रोफोन. एक बुवांसमोर, दुसरा पखवाजाकडे. पेटी आणि टाळ दोन्हींत आपोआप येतात.

स्पर्धेत उतरणारं, बुवा, पेटी, पखवाज आणि कोरस नंतर वेगळे कमी-जास्त करू पाहणारं मंडळ : ४ मायक्रोफोन.

बहुतेक गावांचं काम दोनवर भागतं. आणि हे लक्षात घ्या, एकाच खोलीत चार मायक्रोफोन लावले तरी टाळांचा आवाज चारहींत शिरणारच. चार इनपुट म्हणजे चार बंद खोल्या नव्हेत.

खोक्यावरचा '२' नीट वाचा

इथं फसगत होते. खोक्यावर दोन इनपुट लिहिलेलं असतं, पण त्यातलं मायक्रोफोनचं एकच असतं, दुसरं गिटारसारख्या वाद्याचं. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो आणि बेहरिंगरचा यूएमसी २२ हे या जातीचे. एकट्या गायकाला उत्तम, पण मंडळाला अपुरे. त्याच कंपन्यांच्या स्कार्लेट २आय२ आणि यूएमसी २०२ एचडी यांत मात्र दोन्ही इनपुट मायक्रोफोनची आहेत. चार मायक्रोफोनसाठी बेहरिंगरचाच यूएमसी ४०४ एचडी आहे. इतर कंपन्यांचेही असेच प्रकार मिळतात. नावाला बांधून घेऊ नका. मायक्रोफोनची तीन पिनांची जोडणी, जिला साउंडवाले एक्सएलआर म्हणतात, ती किती ठिकाणी बसते तेवढं बोटाने मोजा.

दुसरी फसगत मिक्सरची. मंडळाकडे आधीच मिक्सर असतो आणि त्याला यूएसबी असते. "मग डबी कशाला?" असं वाटतं. परंतु पुष्कळशा स्वस्त मिक्सरची यूएसबी सगळे आवाज एकत्र करून डावा-उजवा असे दोनच पाठवते. खिचडी शिजल्यावर डाळ आणि तांदूळ वेगळे काढता येत नाहीत. पेटी मोठी झाली असेल तर ती तशीच राहणार. नवा मिक्सर घेताना "प्रत्येक मायक्रोफोनचा आवाज यूएसबीतून वेगळा जातो का?" हा एकच प्रश्न विचारा.

मोठ्या आकड्यांच्या मोहात पडू नका

दुकानदार १९२ किलोहर्ट्झचं नाव घेतो. याचा अर्थ साधा आहे. डबी आवाजाचे नमुने घेते, डेअरीत दुधाचा नमुना घेतात तसे. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. माणसाच्या कानाला जे जे ऐकू येतं ते तेवढ्यात मावतं. तुम्ही ४८,००० वर ठेवा, भरपूर झालं. १,९२,००० ने आवाज गोड होत नाही, लॅपटॉपची जागा मात्र चौपट खर्च होते.

दुसरा आकडा बिटचा. हा मात्र बघावा. बिट म्हणजे काट्याची बारकाई. किलोपर्यंत मोजणारा काटा वेगळा आणि ग्रॅमपर्यंत मोजणारा वेगळा. १६ बिटपेक्षा २४ बिटचा काटा कितीतरी बारीक. त्याचा फायदा असा की आवाज थोडा कमी ठेवून रेकॉर्ड केलं तरी नंतर वाढवताना खरखर वर येत नाही. म्हणून २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ एवढं लिहून ठेवा. या मापाने दोन मायक्रोफोनच्या एका तासाच्या रेकॉर्डिंगला साधारण १ जीबी जागा लागते. दोन तासांच्या भजनाला २ जीबी मोकळी आहे ना, ते आधी बघून घ्यावं.

वीज आणि अर्थिंग

आपल्याकडे हा मुद्दा शहरापेक्षा जास्त महत्त्वाचा. दोन इनपुटच्या बहुतेक डब्या यूएसबी वायरीतूनच वीज घेतात. लॅपटॉप चार्ज असेल तर ऐन भजनात लाईट गेली तरी रेकॉर्डिंग तुटत नाही. वर सांगितलेल्या चार इनपुटच्या डबीला वेगळा ॲडॅप्टर लागतो. तिथं इन्व्हर्टरची सोय बघा.

रेकॉर्डिंगमध्ये बारीक घूंऽऽ असा आवाज आला तर डबीला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि अर्थिंग धड नसेल तर तीच घूं होऊन वायरीत शिरते. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की पुष्कळदा ती जाते. मायक्रोफोनच्या वायरी विजेच्या वायरीला चिकटून टाकू नयेत.

डबीवर ४८ व्होल्टचं एक बटण असतं. ते कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला वीज पुरवण्यासाठी. असा मायक्रोफोन बारीक आवाजही टिपतो, त्यामुळे आजीच्या ओव्यांना चांगला. पण तो शेजारच्या गोठ्यातला हंबरडाही टिपतो. मंडपात दिसणारा हातात धरायचा डायनॅमिक मायक्रोफोन दणकट असतो, त्याला हे बटण लागत नाही. १९६६ साली निघालेला शुअरचा एसएम ५८ हा या जातीचा मायक्रोफोन आजही सगळीकडे चालतो. टाळ-पखवाजाच्या दंग्यात डायनॅमिकच सोयीचा. ४८ व्होल्टचं बटण दाबायचं ते वायर जोडून झाल्यावर आणि आवाज शून्यावर ठेवून.

दुकानात हे तपासून घ्यावे

१) मायक्रोफोनची खरी इनपुट किती? सगळी एकाच वेळी चालतात का?

२) प्रत्येक इनपुटला आवाजाचं स्वतंत्र बटण आहे का, आणि आवाज फाटू लागला की लाल दिवा लागतो का?

३) ४८ व्होल्टची सोय आहे का?

४) विंडोजसाठी कंपनीचं सॉफ्टवेअर मिळतं का? आपला लॅपटॉप जुना असेल तर त्यावर ते चालतं का? जमल्यास लॅपटॉप सोबत न्या आणि तिथंच जोडून बघा.

५) डायरेक्ट मॉनिटरची सोय आहे का? लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज हेडफोनमध्ये किंचित उशिरा पोचतो आणि गाणारा गोंधळतो. ही सोय असली की स्वतःचा आवाज डबीतूनच थेट ऐकू येतो. एकट्याने आवाजावर आवाज चढवायचा असेल तर ही हवीच.

६) पक्की पावती आणि वॉरंटीचा कागद. मंडळाच्या नावाने घ्या, म्हणजे हिशेबात वाद नको.

सगळा पैसा डबीत घालू नका

महाग बियाणं आणलं आणि मशागतच केली नाही तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. डबीत सगळी वर्गणी घातली आणि मायक्रोफोन जत्रेतला आणला तर तीच गत. आधी बरे मायक्रोफोन, त्यांचे स्टँड, चांगल्या वायरी आणि कान पूर्ण झाकणारा एक हेडफोन यांचा खर्च बाजूला काढा. उरलेल्या पैशात दोन इनपुटची साधी डबी घ्या. सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही, ऑडॅसिटी फुकट मिळतं. एक मात्र विचारून घ्या : चार इनपुट घेणार असाल तर चारही आवाज वेगळे टिपणारं सॉफ्टवेअर त्या डबीबरोबर मिळतं का.

जागेला तर काहीच खर्च नाही. पत्र्याच्या शेडमध्ये आणि नुसत्या फरशीवर आवाज घुमतो. घरातली मधली खोली निवडा, खाली सतरंज्या टाका, भिंतींवर गोधड्या लटकवा. पंखा बंद, मोबाईल बंद. पिठाची गिरणी आणि शेतातले पंप थांबलेले असतील अशी वेळ धरा.

टाळकरी बुवांच्या मायक्रोफोनपासून आठ-दहा फूट मागे बसवा. मायक्रोफोन बुवांच्या तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. मग सगळ्यांना सर्वांत चढ्या लयीतलं भजन दोन मिनिटं म्हणायला लावा आणि तेव्हा बटण ठरवा. पडद्यावर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावा. कमी टिपलेला आवाज वाढवता येतो. फाटलेला मात्र शिवता येत नाही.

टिपलं ते जपा

जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि ओव्या म्हणणंही थांबत गेलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, पुष्कळशा टेपवरही घेतल्या. त्या आज 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात आहेत. गाणाऱ्या कित्येक बाया आज हयात नाहीत, पण त्यांचा आवाज आहे. तुमच्या गावात ते काम तुम्हालाच करायचं आहे.

म्हणून रेकॉर्डिंग झालं की मूळ वेव्ह फाईल तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही मूळ प्रत नव्हे. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात. सोबत एका वहीत तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव, चाल कोणाकडून शिकले आणि रेकॉर्डिंग इतरांना ऐकवायला त्यांची परवानगी आहे का, हे लिहून त्यांची सही घ्या.

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि शिक्षक यांना विनंती की, एक प्रत शाळेत किंवा गावच्या वाचनालयात नोंद करून ठेवावी. दोन मंडळांनी किंवा दोन गावांनी मिळून एकच डबी घेतली तरी चालेल. पेरणीयंत्र जसं फिरवून वापरतो, तशी ही वापरावी.

तेव्हा आधी माणसं मोजा, मग वर्गणी मोजा. आणि यादीत पहिलं नाव लिहा ते गावातल्या सर्वांत वयस्कर बुवांचं किंवा आजीचं.