गंध व प्रतिबिंबरूप रेणू

गंध व प्रतिबिंबरूप रेणू : उजवा व डावा हात ही एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असली, तरी एक दुसऱ्यावर तंतोतंत बसविता येत नाही. कार्बनाच्या एका अणूला चार भिन्न अणू वा अणुगट जोडलेले असल्यास त्या रेणूचीही अशीच दोन रूपे संभवतात. त्यांचे उकळबिंदू, घनता इ. गुणधर्म सारखेच असतात. ध्रुवित प्रकाशाचे (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाचे) प्रतल मात्र एक रूप उजवीकडे (+) व दुसरे तितकेच डावीकडे (–) वळविते. नाकाला या दोन रूपांचा वास पुष्कळदा निराळा येतो.

लूई पाश्चर (१८२२–९५) यांनी १८४८ मध्ये टार्टारिक अम्लाच्या लवणाचे उजवे व डावे स्फटिक चिमट्याने वेगळे केले. तासगावच्या (जि. सांगली) द्राक्षांत व सर्वत्र मिळणाऱ्या चिंचेत हेच अम्ल असते, परंतु ते बाष्पनशील नसल्याने त्यावरून गंधाविषयी काही कळत नाही.

गंधाच्या दृष्टीने कार्व्होन हे संयुग महत्त्वाचे आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत, महाराष्ट्रात इतरत्रही, शेपूची भाजी करतात आणि बाळंतिणीला जेवणानंतर बाळंतशेपा चघळावयास देतात. शेपाच्या व शहाजिऱ्याच्या तेलातील (+) कार्व्होनाचा वास उग्र, मसाल्यासारखा असतो. त्याचेच प्रतिबिंब असलेले (–) कार्व्होन स्पिअरमिंट या पुदिन्याच्या तेलात असून दंतमंजनांना त्यामुळे परिचित ताजा वास येतो. हा फरक तेलांतील अन्य घटकांच्या अंशांमुळे असावा, अशी शंका दीर्घकाळ घेतली जाई. १९७१ मध्ये अत्यंत शुद्ध नमुन्यांवर केलेल्या प्रयोगांनी ती दूर झाली. रेणूंच्या कंपनांवर वास अवलंबून असतो, या सिद्धांतासही हे उदाहरण अडचणीचे ठरते; कारण प्रतिबिंबरूपांची कंपने तंतोतंत सारखी असतात.

याचे कारण नाकातच आहे. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राही प्रथिनांच्या जनुकांचा शोध लावला (नोबेल पारितोषिक, २००४). मानवात कार्यक्षम गंधग्राही सु. ४०० प्रकारचे असतात. ही प्रथिने एकाच बाजूच्या (डाव्या) ॲमिनो अम्लांची बनलेली असतात. त्यामुळे डावा हात उजव्या हातमोज्यात नीट बसत नाही, तसे काही ग्राहींत रेणूचे एकच रूप चांगले बसते. काही ग्राही मात्र दोन्ही रूपांना कमीअधिक प्रतिसाद देतात.

तथापि प्रत्येक जोडीबाबत असे घडत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा जोड्यांपैकी आल्फा-पायनीन, कार्व्होन व लिमोनीन या तीनच जोड्या चाचणीतील व्यक्तींच्या गटाला ओळखता आल्या. लिमोनिनाचे एक रूप संत्र्यात व दुसरे लिंबात असते, हे पुस्तकांतून वारंवार आढळणारे विधान चुकीचे आहे. दोन्ही फळांच्या सालींत मुख्यतः (+) लिमोनीनच असते. लिंबाचा विशिष्ट वास प्रामुख्याने सिट्रलामुळे येतो.

वनस्पतींतील एंझाइमेही एका बाजूचीच असल्याने बहुधा एकच रूप तयार होते. धन्यात (+) लिनॅलूल, तर लॅव्हेंडरमध्ये (–) लिनॅलूल आढळते. हळदीच्या वासास कारणीभूत असलेली टर्मेरोने याच प्रकारची होत; सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साध्या रासायनिक संश्लेषणात दोन्ही रूपे समप्रमाणात मिळतात. त्यामुळे वायुवर्णलेखनाने त्यांचे प्रमाण मोजून सुगंधी तेलांतील भेसळ उघडकीस आणता येते. नाकावर विसंबून ती नेहमी कळेलच असे नाही.

काही जोड्यांत वासाचा प्रकार सारखा, पण तीव्रता भिन्न असते. माण, खटाव (जि. सातारा) वा जत, आटपाडी (जि. सांगली) या अवर्षणप्रवण तालुक्यांत पहिल्या पावसानंतर दरवळणाऱ्या मृद्गंधात जिऑस्मीन हा प्रमुख घटक असतो. मातीतील स्ट्रेप्टोमायसीज जातीचे सूक्ष्मजंतू त्याचे (–) रूप तयार करतात. प्रयोगशाळेत बनविलेल्या (+) रूपाचा वास जाणवण्यास जेवढे प्रमाण लागते, त्याच्या सु. एक-दशांश (–) जिऑस्मीन नाकाला पुरते.