दुखणं अंगावर काढणारे डॉक्टर

‘मला तपासणारे डॉक्टरच सारखे नाक पुसत होते. त्यांना कळत नाही का?’ एका वाचक आजींनी विचारलं आहे.

आजी, चांगलं कळतं. फिलाडेल्फियातल्या मुलांच्या रुग्णालयात डॉक्टरांना आणि उपचार करणाऱ्या इतरांना हेच विचारलं गेलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीतले ५३६ पैकी ९५ टक्के म्हणाले, आपण आजारी असताना काम केलं तर रुग्णांना धोका असतो. तरीही ८३ टक्के वर्षभरात एकदा तरी तसेच कामावर आले होते. तेही लहान मुलांच्या रुग्णालयात!

का? जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं, सहकाऱ्यांना अडचणीत टाकवत नाही. बाहेर ओपीडीची रांग, आपल्या ड्युटीला बदली माणूस नाही. मग पॅरासिटामॉल घ्यायची, वर घोटभर चहा, की पुढचा पेशंट आत. गोळीनं ताप उतरतो, पण फ्लूचा विषाणू पहिले तीन-चार दिवस जोरात बाहेर पडतच असतो. अंथरुणात पडून राहायचा माणूस चालता-बोलता होतो, हे विषाणूच्या पथ्यावरच पडतं.

मला चटका लावतो तो वेगळाच आकडा. सहकारी आपल्याला दूर सारतील, ही भीती ६४ टक्क्यांना होती. इथं मला ॲबर्डीनचा अलेक्झांडर गॉर्डन आठवतो. हात धुण्याचा विषय निघाला की आपण १८४७ साली व्हिएन्नात डॉक्टरांना हात धुवायला लावणाऱ्या सेमेलवाइसचं नाव घेतो. स्कॉटलंडमधल्या या डॉक्टरानं १७९५ मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं की बाळंतज्वर सुईणी आणि डॉक्टरच घरोघर नेतात. त्यानं ७७ बायकांची यादी छापली: बाळंतीण कोण, राहते कुठे, कधी आजारी पडली, बाळंतपण कुणी केलं. त्या शेवटच्या रकान्यात त्याचं स्वतःचंही नाव होतं. आपल्यामुळे अनेकींना लागण झाली, हे त्यानं उघड लिहिलं. जंतूंचा सिद्धान्त यायला तेव्हा अजून अर्ध्या शतकाहून जास्त काळ होता! गाव त्याच्यावर उलटलं. तो नौदलातल्या आपल्या जुन्या नोकरीत परत गेला आणि १७९९ मध्ये क्षयानं वारला.

खरं बोलणाऱ्याला अशी शिक्षा मिळाली की पुढचे गप्प बसतात आणि दुखणं अंगावर काढतात. नुसत्या उपदेशानं हे थांबणार नाही. प्रत्येक ड्युटीला बदली माणूस हवा.

आणि आजी, दवाखान्यावर ‘डॉक्टर आजारी असल्याने आज बंद’ अशी पाटी दिसली, तर कृपा करून रागावू नका.